आतले बूट

“सर, आजवर तुम्ही एक तरी रोग खरोखर थांबवलात का?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, आवाज माझा होता, आणि हल्ली तो जरा जास्तच माझा झालाय. पण प्रश्न शिजला होता मागच्या बाकावर. टोच्या, मिनिट आणि दादी या माझ्या तीन मैत्रिणी. टोच्या कोपर मारल्याशिवाय बोलत नाही, मिनिटला कुठेही बोलवा, ती आधी ‘एक मिनिट’ म्हणते, आणि दादी काहीही ऐकलं की प्रथम बाह्या वर करते, मग विचार करते. माझं नाव गेल्या वर्षापर्यंत म्यूट होतं. आता लाउडस्पीकर आहे. मधे नेमकं काय घडलं ते मलाही धड सांगता येणार नाही. एका सकाळी शाळेत सूचना वाचणारी मुलगी आली नव्हती, बाईंनी समोर दिसली तिला, म्हणजे मला, माइकपाशी ढकललं, आणि माझाच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला. मला वाटलं, अरेच्चा, ही कोण? बरी बोलते की. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते सुरूच आहे. तर आज हॉलमध्ये ‘पिकांचं आरोग्य आणि आपण’ असं व्याख्यान होतं, आणि व्याख्याते होते माझे बाबा, बंदरावर येणाऱ्या रोपाफळांत कीड-रोग शोधणारे सरकारी इन्स्पेक्टर. कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर मेलेल्या किड्यांची बाटली, शेजारी केळीच्या खोडाची चकती, मधोमध तपकिरी कडं पडलेली. टोच्याने कोपर मारलं. “विचार ना. लोकांच्या बॅगा उपसतात, आंबे-पेरू जप्त करतात, आणि रोग तर येतातच. आमच्या काकाचे टोमॅटो गेलेच ना?” मी म्हटलं, त्यात काय, विचारते. “एक मिनिट,” मिनिट म्हणाली, “बाबा म्हणायचं नाही. सर म्हणायचं. तर तू खरी.” दादीने बाह्या वर केल्या. आणि मी उठले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरी ते असं कधी पाहत नाहीत. घरी त्यांची नजर आधी वस्तूच्या खालच्या बाजूला जाते, फळ असेल तर देठाकडे, खुर्ची असेल तर पायाकडे, माणूस असेल तर चपलेकडे. आज पहिल्यांदा ते सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मी दूर होते, उभी होते आणि त्यांना सर म्हणत होते. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी तर्जनीवर घासला, चिमटीत माती धरून तिचा पोत बघावा तसा. “चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले, “बसा.” मला ‘बसा’ म्हणाले! हॉलमध्ये खसखस पिकली. मी बसले नाही. “थांबवला असं म्हणणं अवघड आहे,” ते म्हणाले. “एक रोग आमच्या डोळ्यांदेखत बियांच्या पाकिटातून आला, पोस्टाने, तिकीट लावून. एक वाऱ्याने आला. वाऱ्याची बॅग कशी उघडणार?” मुली हसल्या. माझे बाबा लोकांना हसवू शकतात ही बातमी मला नवी होती. “बहुतेक वेळा आमच्या नियमांनी एवढंच होतं की उद्या येणारा रोग काही वर्षांनी येतो. तेवढ्यात शेतकऱ्याला दुसरं वाण मिळतं, दुसरा उपाय सापडतो. आणि जो आलाच नाही तो कसा दाखवू? न आलेल्या रोगाचा फोटो काढता येत नाही.” मग त्यांनी ती केळीची चकती हातात घेतली आणि परत ठेवली. “थांबवला म्हणाल तर एक. केळीचा. या रोगाला औषध नाही, मातीत तो वर्षानुवर्षं राहतो, आणि बुटाला चिकटलेली चमचाभर माती त्याला प्रवासाला पुरते. एका बागेत सापडला होता. त्या बागेच्या कुंपणाबाहेर तो अजून गेलेला नाही. नियमांमुळे.”

ती बाग मला माहीत आहे. हॉलमध्ये ती फक्त आम्हा दोघांना माहीत होती. मावशीची बाग, आईच्या धाकट्या बहिणीची. आमच्या घरात तिला ‘तिकडे’ म्हणतात. तिकडे पाऊस झाला का, तिकडे मोटार दुरुस्त झाली का. आणि तिकडे जाता येत नाही, हे मला इतक्या लहानपणापासून ठाऊक आहे की ते मला कुणी सांगितल्याचं आठवतसुद्धा नाही. विस्तवाला हात लावायचा नाही, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, तिकडे जाता येत नाही. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. तो मात्र अस्सल माझा होता, मैत्रिणींचा त्यात काही वाटा नव्हता. खरं सांगायचं तर बाबांना जरा हात द्यावा म्हणूनच विचारला. मला वाटलं, आता ते गंभीर आवाजात सांगतील की नियम किती कडक आहेत, आणि मुलींची हसायची टाप राहणार नाही. “म्हणजे त्या बागेत कुणी जाऊच शकत नाही ना, सर?”

माझा वर्ग, बाई, मुख्याध्यापिका, सगळ्या बघत होत्या, आणि बाबा कितीही काही असले तरी सरकारी कामात खोटं बोलत नाहीत. “जाऊ शकतं,” ते म्हणाले. “नियमात मनाई नाही. गाडी बाहेर ठेवायची. आपले बूट फाटकापाशी काढायचे. आतले बूट तिथेच ठेवलेले असतात, ते घालायचे. ते बूट कायम आतच राहतात, कधीही बाहेर येत नाहीत. निघताना ब्रशने घासायचं, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, आपले बूट घालून घरी जायचं. कोणीही जाऊ शकतं.” मग त्यांनी खाली बघितलं आणि बाटलीतल्या किड्यांविषयी बोलायला लागले.

टाळ्या झाल्या, आभार झाले, एका बारक्या मुलीने बाबांना रोपटं भेट दिलं आणि त्यांनी ते सवयीने उलटं करून कुंडीचं भोक तपासलं, तेव्हा पुन्हा हशा झाला. टोच्याने मला मिठीच मारली. “काय फाडलंस गं! सर, सर करून!” दादी म्हणाली, “आणि वर दुसरा प्रश्न! उगाच नाही लाउडस्पीकर.” मी हसत होते. मला हसताना माझे दात दिसत असतील, असंही वाटलं, दात आमच्या घरात फार, त्याचं नंतर सांगते. मैत्रिणींच्या मधोमध चालत मी जिना उतरले, त्यांचे खांदे दोन्हीकडून लागत होते, आणि तरी हिवाळ्यात पांघरूण एका बाजूने सरकतं ना, तशी एक बाजू उघडी पडल्यासारखी वाटत होती. मी त्यांना सांगू शकले असते. मला आता सगळं सांगता येतं, एकदा का तोंड उघडलं की झालं. पण कुठून सुरुवात करणार? माझी एक मावशी आहे, तिच्याकडे जाता येत नाही, आणि आज कळलं की येतं? हे ऐकून मिनिट म्हणाली असती, “एक मिनिट, मग जा ना.” मी म्हटलं, मला बसला उशीर होतोय. टोच्या म्हणाली, “आता तू भाव खा.”

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. ही बस गोदीच्या लांबलचक कुंपणाला लागून जाते आणि आत बाबांचं ऑफिस आहे, पत्र्याचं छप्पर, समोर लाकडी खोक्यांचे डोंगर. लहानपणी सुट्टीत मी तिथे जात असे. बाबा खोक्याच्या फळीला कान लावायचे, बोटाने ठोकायचे, भोकातून भुसा पडतो का बघायचे, आणि मी शेजारी उभी राहून श्वास रोखून धरायचे, का कुणास ठाऊक, किडे घाबरतील म्हणून असेल. लोक कुठे कुठे काय लपवून आणतात! मोज्यात कलमं, पावडरच्या डब्यात बिया, एका आजींनी अंबाड्यात फांदी खोचली होती आणि वर म्हणत होत्या, फॅशन आहे. बाबांना शिव्या खाव्या लागतात. माझ्या गावच्या झाडाची आठवण आहे हो, काय जातं तुमचं? बाबा फांदी पिशवीत घालतात, पिशवीला गाठ मारतात. एकदा एक बाई रडल्या, तेव्हा घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं, “ती आठवणच होती, मला दिसत होतं. पण आठवणीच्या पानामागे अंडी होती.” आई म्हणाली, “बरं मग.” आमच्या घरातली संभाषणं या ‘बरं मग’पाशी येऊन थांबतात, बस डेपोत थांबते तशी.

मावशीच्या बागेची मला जी आठवण आहे ती कमरेएवढ्या उंचीवरून घेतलेली आहे, कारण तेव्हा मी तेवढीच होते. वर सगळं हिरवं, उजेडसुद्धा हिरवा, मोठमोठी पानं वाऱ्याने चिरत जायची आणि त्यांचा कोणी कापड फाडतंय असा आवाज. मावशी हातात वाकडा विळा घेऊन पुढे आणि मी तिच्या ओढणीचं टोक धरून मागे. ती माझ्याशी कधी लाडे लाडे बोलली नाही. “काय गं बटाटे, चिखलात लोळलीस का मुद्दाम?” असं बोलायची आणि मग स्वतःच माझ्याबरोबर चिखलात बसायची. ती एकटीच राहायची, पण तेव्हा ते एकटं वाटत नसे, दिवसभर कामाची माणसं, टेम्पो, आरडाओरडा, केळीचे घड. मग कधीतरी खालची पानं पिवळी पडली आणि खोडाभोवती परकरासारखी लोंबायला लागली. हे मी पाहिलं नाही, ऐकलं. मी दारामागून ऐकलेल्या गोष्टींची जी रास माझ्याकडे आहे तिच्यातलं सगळ्यात जुनं हे: परकरासारखी. मग सबंध बाग कापली, झाडं जागच्या जागी प्लास्टिकखाली पुरली, भोवती कुंपण, कुंपणाबाहेर चर, फाटकावर पाटी. तपासणी करणाऱ्यांत बाबा होते. माणसं कामाला यायची बंद झाली. मावशीला जमीन सोडून जा म्हणाले, ती गेली नाही. ती आत भोपळे लावते, कांदे लावते, ज्यांना तो रोग होत नाही, आणि बाहेर पाठवायच्या आधी एकेका भोपळ्याची माती धुते. एकेका भोपळ्याची! हे आईने फोनवर ऐकून बाबांना सांगितलं तेव्हा मी हसले होते. मला डोळ्यांसमोर भोपळ्यांना आंघोळ घालणारी मावशी दिसली होती.

फोन रविवारी येतो. आई दातांच्या कवळ्या बनवते, घरातल्या मागच्या खोलीत. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे येतात आणि ती त्यांवर दात बसवते. त्यामुळे आमच्या घरात आम्ही तिघं आणि फळीवर ओळीने अनोळखी जबडे, सगळे उघडे, सगळे गप्प. मी म्यूट होते तेव्हा ते जबडे मला जवळचे वाटायचे. आता त्यांचा राग येतो, बोला की रे, एवढं तोंड उघडलंय तर. रविवारी आई मावशीचा फोन स्पीकरवर टाकून त्या जबड्यांमध्ये उभा करते, हाताने कवळीचे दात घासत राहते, आणि दोघी बहिणी पावसावर बोलतात, पाठदुखीवर बोलतात, कोणाच्या तरी लग्नावर बोलतात. बाबा त्या वेळी बाहेर असतात. मग शेवटी मावशी म्हणते, “बटाटे आहे का? दे तिला.” आणि मला अभ्यास, उंची, केस विचारून झाले की वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला, हमखास विचारते, “पायाचा नंबर काय झाला गं आता?” मी लहान असताना ओरडून सांगायचे, वाढला वाढला! मला वाटायचं मावशी बूट पाठवणार, लाल, पट्ट्याचे. ते कधी आले नाहीत. दोनतीन वर्षं मी वाट पाहिली, मग नाद सोडला, मग वाटलं ती विसरत असेल, एकट्या माणसांचं होतं तसं, तेच तेच विचारतात. यंदा विचारलं तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, “मावशी, तू काय बुटांचं दुकान टाकतेयस का?” ती हसली. “टाकलंच आहे समज,” म्हणाली. “सांग की लवकर.” मी म्हटलं, सहा. पलीकडून काही तरी खडखडलं, बहुधा तिने पेन्सिल शोधली असेल, आणि ती म्हणाली, “सहा. अगं बाई, माझ्याएवढी झालीस.”

घराचं कुलूप काढलं तेव्हा आई बाहेर गेली होती, तयार कवळ्या पोचवायला. आमच्या उंबरठ्यापाशी एक पसरट ट्रे असतो, त्यात औषधाचं पाणी आणि शेजारी ताठ केसांचा ब्रश. गोदीतून आले की बाबा तिथे बूट घासतात. आत कुणी पाहुणा आला तर त्यालाही घासायला लावतील की काय अशी मला लहानपणी भीती वाटायची, आणि म्हणून मी कुणाला घरी बोलवत नसे. खरं तर मी म्यूट होते त्याचं एक कारण तो ट्रे असावा. मैत्रिणी घरी येत नाहीत, मग सांगायला काही उरत नाही, मग आवाज वापरायची सवय जाते. मी खाली बसून बूट काढले. शाळेचे काळे बूट, टाच एका बाजूने झिजलेली, आतल्या तळव्यावर अर्धा पुसलेला सहाचा आकडा. बाबांचा हॉलमधला आवाज मला इतक्या वेळाने, बसमधून उतरून, जिना चढून, कुलूप काढून झाल्यावर, आत्ता पोचला. आतले बूट तिथेच ठेवलेले असतात. ते बूट कायम आतच राहतात. कधीही बाहेर येत नाहीत.

मी त्या उंबरठ्यावर किती वेळ बसले होते माहीत नाही. पाय मोज्यांत गार पडले. दरवर्षी. मी नंबर सांगायचे आणि तिकडे मावशी बाजारात जायची, त्यासाठी तिला आधी स्वतःचे बूट घासायला लागायचे, पाय बुडवायला लागायचे, कपडे बदलायला लागायचे, मग बस, मग दुकान, दुकानदार विचारत असेल, कोणासाठी? आणि ती ते बूट घेऊन फाटकातून आत जायची, आणि आत गेलेला बूट परत येत नाही, म्हणजे तो पाठवताही येत नाही, म्हणजे मी वाट बघत होते ते बूट खरोखरच घेतलेले होते, दर वर्षी, आणि ते तिथे माझी वाट बघत होते, आणि पायाचा नंबर वाढला की न घातलेले जुने होत होते. रडू आलं नाही. प्रार्थनेच्या वेळी शेजारची मुलगी भोवळ येऊन पडते आणि रांग एकदम सुटते, तसं काहीतरी आत सुटलं. मावशीला माहीत होतं. पाटी तिच्याच फाटकावर आहे, ती रोज वाचत असेल, कोणीही येऊ शकतं. आणि इतक्या रविवारांत ती एकदाही म्हणाली नाही, या ना. फक्त नंबर विचारत राहिली. मी आत गेले, जबड्यांच्या खोलीत दिवा लावला, आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हटलं, “सहा!” माझाच आवाज मला परका वाटला. माइक नसला की आवाज कुठूनच परत येत नाही.

संध्याकाळी बाबा आले, बूट घासले, हात धुतले. जेवायला बसलो. पंखा, ताटांचे आवाज, आईच्या नखांत प्लास्टरची पांढरी भुकटी. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “आज छान विचारलंस.”

“काय विचारलं?” आई म्हणाली.

“हिने भर हॉलमध्ये मला सर म्हणून...”

“बाबा,” मी म्हटलं, “जाऊ शकतं म्हणालात.”

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही, मिठाच्या भांड्याकडे पाहिलं. “कुठे जाऊ शकतं?” तिने विचारलं, पण ते विचारणं नव्हतं, तिला ठाऊक होतं.

“तिकडे,” मी म्हटलं. “तुला माहीत होतं, आई?”

“अगं, हे आता जेवताना...”

“माहीत होतं का?”

आमच्या घरात हा आवाज याआधी कुणी काढलेला नाही. मलाच त्याचं आश्चर्य वाटलं. आई म्हणाली, “पहिल्या वर्षी मी जायचं म्हटलं, तर तुझे बाबा म्हणाले, इतक्यात नको. दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. मग...” तिने हात उडवला. “मग कशाला विचारायचं, असं झालं.”

“इतक्यात नको म्हणजे इतक्यात नको,” बाबा म्हणाले. “कधीच नको असं मी म्हटलं नव्हतं.”

“आणि आता चला, असं तरी कधी म्हणालात?” आई म्हणाली.

बाबांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. ते माझ्याशी बोलायला लागले, म्हणजे बोलत होते माझ्याशी आणि सांगत होते तिला. “तिच्या आजूबाजूला सगळ्या केळीच्याच बागा आहेत. आम्ही त्या लोकांना सांगत होतो, शेजारी जाऊ नका, औजारं देऊ-घेऊ नका, बूट धुवा, नाहीतर दंड. लोक चिडलेले. त्यात इन्स्पेक्टरची बायको-मुलगी सुट्टीला आतबाहेर करताना दिसली असती, तर? नियमाप्रमाणे धुऊन आली असती तरी. धुतलेलं कुणाला दिसतं? गेलेलं दिसतं. एकाने जरी म्हटलं असतं, यांचं चालतं मग आमचं का नाही, तर सगळं ओमफस. म्हणून जरा जास्तच जपलं.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “आणि टिकला ना तो नियम. त्या बागेच्या पलीकडे एकही झाड गेलं नाही.”

“नियमांमुळे,” मी म्हटलं.

“हो.”

“म्हणजे मावशीमुळे.”

मग बाबा म्हणाले, “मावशीमुळेच. आम्ही वर्षातून एकदा जातो. बाकी सगळे दिवस तिथे बघायला कोण आहे? ती स्वतः कुंपणाबाहेरच्या विहिरीवर जाताना-येताना पाय बुडवते. मी पाहिलंय.”

“तू पाहिलंयस?” आई म्हणाली. चारचौघांत आणि माझ्यासमोरही ती बाबांना तुम्ही म्हणते. तू म्हणालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. “कधी पाहिलंस?”

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत. “मातीचे नमुने घ्यायला दरवर्षी जातो ना. दौऱ्यावर.” दौरा हा शब्द आमच्या घरात नेहमीचा, त्या शब्दाला कधी गाव नव्हतं. “बरोबर ऑफिसची माणसं असतात. ती मला साहेब म्हणते. मी तिला बाई म्हणतो. चहा देते. मी नको म्हणतो, इतर पितात.”

आईचे डोळे भरले वगैरे नाहीत. ती जबडा हातात घेऊन दात सरळ बसलाय का बघते तशी बाबांकडे बघत राहिली. मला त्या क्षणी तिघांचीही कीव आली, म्हणजे मावशी धरून चौघांची. मावशी कुंपणात होती हे पाटीवर लिहिलेलं तरी होतं. आमच्यावर पाटी नव्हती. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशेजारी ताटं मांडत होतो आणि कुणाच्या आत जायचे बूट कुणापाशी नव्हते. आणि गंमत म्हणजे रोग खरोखर पसरला नव्हता. बाबांचं म्हणणं खरं होतं. कुठेही काही पसरलं नव्हतं.

“बाबा, फाटकापाशी बूट असतात ना, आतले?”

“असतात.”

“कोणाकोणाचे?”

बाबांनी पेला खाली ठेवला. “आमच्या ऑफिसचे वेगळे. एका बाजूला तिचे.” मग ते थांबले, आणि मला कळलं की त्यांना माहीत होतं, दर दौऱ्यात ते बघत होते, आणि परत येऊन उंबरठ्याशी पाय घासत होते. “एक लाकडी फळी आहे. तिच्यावर ओळीने गमबूट आहेत. लहान मुलांचे. म्हणजे पहिला एवढासा, लाल, मग त्याहून मोठा, मग त्याहून. आतले बूट बाहेर काढता येत नाहीत, त्यामुळे जुने टाकूनही देता येत नाहीत तिला. पुसून ठेवलेले असतात.”

“आणि शेवटचा?”

“शेवटचा लहान मुलाचा नाही.”

आईने ओठांवर हाताची मूठ ठेवली. प्लास्टरची पांढरी भुकटी तिच्या हनुवटीला लागली. “दरवर्षी नंबर विचारते,” ती म्हणाली, “मला वाटायचं, काहीतरी विचारायचं म्हणून विचारते.”

हॉलमध्ये उभी राहिले होते तशी मी उठून उभी राहिले. इथे माइक नव्हता, बाह्या वर करणारी दादी नव्हती, कोपर मारायला कुणी नव्हतं. बाबा म्हणाले, “बस, जेवण होऊ दे.” या वेळी ‘बस’ म्हणाले. मी बसले नाही.

“शनिवारी मी मावशीकडे जाणार आहे,” मी म्हटलं. “रविवारी तिचा फोन येणार नाही, कारण ती माझ्याशी तिथेच बोलत असेल. तुम्ही दोघं आलात तर तिघं जाऊ, नाहीतर मला बस कळते. माझे बूट फाटकापाशी काढीन. तिथले घालीन, ते मला बरोबर येतील. निघताना घासीन, पाय बुडवीन, पाटीवर लिहिलंय ते सगळं करीन, एक अक्षर सोडणार नाही. पण बाबा, पाटीवर नाही त्यातलं मी यापुढे काही पाळणार नाही.”